आक्कासाहेबांची हलकी गाडी आणि पागेचा खुराक

लाल गालिचा, चार माणसांनी उचलायचा. घोड्याच्या कपाळावरचा भोवरा. समुद्राची खारी हवा. डोंगराच्या पोटातून आरपार खोदलेला बोगदा. चांदीचा नंदी. दोन पुरणपोळ्या, वर तूप. घाटात पायी चढणारा एक जाड माणूस, पागोटे हातात.

॥ श्री ॥ वळणावळणावर उभी राहून जी येणाऱ्याजाणाऱ्यास सांभाळते त्या घाटदेवीस पहिला नारळ, ज्याने चाक प्रथम गोल केले त्या अनामिकास दुसरा, आणि ऐकणाऱ्यांस दंडवत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी राज्यात वर्तमान ऐसे जाहले की, कावळघाटाच्या पोटातला बोगदा पुरा होत आला, आणि दरबारातून हुकूम सुटला की येत्या पाडव्यास बोगदा खुला करावा, आणि जुन्या घाटाच्या दोन्ही तोंडांस दगडी भिंत घालावी, कारण एका डोंगरास दोन वाटा राखणे राज्यास झेपत नाही. हा हुकूम महाराजांच्या थोरल्या भगिनी आक्कासाहेब यांनी ऐकिला, आणि हातातला चहाचा पेला खाली ठेविला, आणि तो तैसाच निवला. कारण आक्कासाहेबांच्या मनात एक गोष्ट तीस वर्षे बसलेली होती. त्या अठरा वर्षांच्या असता वडिलांची, म्हणजे थोरले महाराज आबासाहेब यांची, जंगी गाडी घेऊन कावळघाट चढू गेल्या, आणि तिसऱ्या वळणावर गाडी वळेचना, सरळच निघाली, आणि एक चाक दरीवर लोंबकळत राहिले. तेव्हा थोरले महाराज शेजारी बसले होते, ते रागे भरले नाहीत, एवढेच म्हणाले, “पोरी, तुझी चूक नाही. ह्या घाटाला ताकदीची गाडी नको, हलकी हवी. हलकी मिळाली की ये, मग एका दमात चढ.” मग लग्न जाहले, मग संसार, मग यजमानांच्या मुलखातले पाण्याचे तंटे, मग थोरले महाराज गेले, मग यजमानही गेले, आणि आक्कासाहेब माहेरी परतल्या तो घाट तेथेच होता, उद्या चढू, परवा चढू, ऐसे होत राहिले. आता भिंत येणार. म्हणोन त्याच दिवशी आक्कासाहेब महाराजांकडे गेल्या आणि म्हणाल्या, “अरे, भिंत घालायच्या आधी मला एक सकाळ घाट मोकळा करून दे. मी एकदा चढणार.” महाराज धाकटे, बहिणीच्या शब्दाबाहेर नव्हते, म्हणाले, “दिला. पण कशातून चढणार?” आक्कासाहेब म्हणाल्या, “तेच तर शोधायचंय.”

आता ऐसी गाडी नवी मिळत नाही, हे सर्वांस ठाऊक. नव्या गाड्या दरसाल अंगाने सुटत चालल्या आहेत. दोन आसनांची, बुटकी, बारीक, मागच्या चाकांनी रेटणारी, जिच्यात बसले की रस्ता ढुंगणाखाली कळतो, ऐसी गाडी वीस वर्षांमागे करीत असत, आता कोणी करीत नाही. म्हणजे जुनी घेणे आले, आणि जुनी घेणे म्हणजे दुसऱ्याने काय काय केले ते आपण निस्तरणे आले. आक्कासाहेब हेही जाणून होत्या. त्यांस जे ठाऊक नव्हते ते हे की गाडी शोधणे सोपे, दरबार सोबत घेऊन शोधणे कठीण. या राज्याचा शिरस्ता ऐसा की जे जे धावते ते पागेच्या अखत्यारीत. घोडे जाऊन दोन पिढ्या जाहल्या, तरी पागा आहे, पागेत घोड्यांच्या दाण्याची, चंदीची कोठी आहे, आणि पागेवर शिदोजी पागनीस आहेत, वडिलोपार्जित. शिदोजी देहाने भारी, मनाने निर्मळ, आणि कामात ऐसे चोख की राजवाड्यात सायकल जरी आली तरी तिच्या पुढे उभे राहून आधी तिच्या कपाळावर शुभाशुभ भोवरा शोधीत. आणि त्यांचा आणिक एक हक्क होता, तो ऐसा की पागेत आलेल्या वाहनाच्या पहिल्या फेरीस खाशांच्या डाव्या हातास पागनिसाने बसावे. दोनच आसने, त्यातले एक शिदोजींचे. आक्कासाहेबांनी हे ऐकिले तेव्हा डोळे मिटून घेतले.

मग भोजनाच्या पंगतीतच मसलत बसली. महाराज, कारभारी त्रिंबकपंत, शिदोजी, आणि आक्कासाहेब. त्रिंबकपंत म्हणाले, “राजघराण्याची गाडी म्हणजे निदान सात माणसं बसावीत.” आक्कासाहेब म्हणाल्या, “पंत, मला वऱ्हाड न्यायचं नाही.” त्रिंबकपंत म्हणाले, “मग पाच.” आक्कासाहेब म्हणाल्या, “दोन. तेही नाइलाजाने.” आणि शिदोजींकडे पाहिले. शिदोजी प्रसन्न मुद्रेने म्हणाले, “आक्कासाहेब, जनावर धिप्पाड असावं. छाती रुंद असावी. बारीक जनावर चढणीला फुटतं.” तेव्हा आक्कासाहेबांनी समजावून सांगितले की, गाडी जनावर नव्हे, जड गाडीस पळावयास ताकद लागते, मग ताकदीस मोठे यंत्र लागते, मग यंत्र जड होते, मग ते थांबवावयास मोठे ब्रेक लागतात, तेही जड, आणि इतके करोन वळणावर ती बाहेरच जाते. हलकी गाडी थोडक्या ताकदीत पळते, उशिरा ब्रेक दाबिला तरी थांबते, आणि वळ म्हटले की वळते. “म्हणून एकेक शेर मोजावा लागतो,” त्या म्हणाल्या. “बसणारा जे जेवतो तेसुद्धा गाडीला ओढावं लागतं.” हे ऐकोन शिदोजी पोट धरोन हसले, आणि त्याच पंगतीत त्यांनी दोन पुरणपोळ्या अधिक घेतल्या, वर तूप, आणि म्हणाले, “ह्या आमच्या पायानं चालतील, गाडीला त्रास नको.”

मग पौषात स्वारी निघाली. स्वारी म्हणावयाचे कारण की आक्कासाहेब एकट्या जातो म्हणाल्या तर त्रिंबकपंत म्हणाले लोक काय म्हणतील, म्हणोन पंत सोबत, शिदोजी सोबत, आणि दोन चोपदार. पहिली गाडी एका सावकाराच्या मुलाची, काळी, लांब, भुंकल्यासारखा आवाज करणारी. मुलगा म्हणाला, “मॅडम, आवाज ऐका, नुसता आवाज.” आक्कासाहेबांनी आवाज ऐकिला, मग चाकांकडे पाहिले, तो टायर आतल्या बाजूने झिजलेले आणि बाहेरून कोरे, म्हणजे गाडी कोठे तरी आपटून सांगाडा वाकडा जाहलेला. “हिला कुठं ठोकलंय?” मुलगा म्हणाला, “ठोकलं नाही, जरा टेकली होती.” “कशाला टेकली?” “पुलाला.” आक्कासाहेब परत फिरल्या. परंतु शिदोजींस ती फार आवडली, कारण पुढच्या बाजूस डाव्या दिव्यापाशी पोचा होता तो त्यांच्या मते देवमणी नावाचा शुभ भोवरा, आणि ते वाटभर तेच सांगत राहिले. दुसरी गाडी समुद्रकाठी, लाल, नव्या रंगाची, आरशासारखी. मालक गृहस्थ चहा देऊ लागला, आणि जो कोणी गाडी दाखवण्याआधी दोन वेळा चहा देतो त्याची गाडी खालून पाहावी, ऐसे आक्कासाहेबांनी ठरविले, आणि पदर खोचोन जमिनीवर आडव्या जाहल्या. त्रिंबकपंतांनी तोंड फिरविले. आक्कासाहेबांनी बोटाने खालचा पत्रा दाबिला तो बोट आत गेले. खारी हवा वीस वर्षे तो पत्रा खात होती, वर मात्र रंग. तिसरीचा मालक चालवू देईना. म्हणे, “ती माझ्याशिवाय कुणाच्या हाताला वळत नाही. तुम्ही बघून घ्या.” आक्कासाहेब म्हणाल्या, “बघून घ्यायला मी तसबीर घेत नाहीये.” चौथी उत्तम होती, खरेच उत्तम, परंतु तिच्या दिव्याखाली, घोड्याच्या डोळ्याखाली पांढरा केस असतो तैसा, एक पांढरा ओरखडा होता, तो शिदोजींस दिसला, आणि ते मालकासमोर मोठ्याने म्हणाले, “हा अश्रुपात. असलं जनावर धन्याला रडवतं.” मालकाने ते मनावर घेतले आणि विकावयासच नाकारिले. परतताना आक्कासाहेब शिदोजींशी बोलल्या नाहीत. शिदोजी मात्र समाधानात होते की घराणे वाचले.

ऐसे माघ गेला. फाल्गुन लागला. घाटाच्या पायथ्याशी भिंतीचे दगड येऊन पडू लागले आणि आक्कासाहेब रोज सकाळी गच्चीवरून ते पाहू लागल्या. तेव्हा देशावरच्या कोरड्या मुलखातून खबर आली की, दामोदर ओतारी म्हणोन ओतशाळेचे मालक, यांच्यापाशी ऐसी एक गाडी आहे. स्वारी गेली. ओतारी साठीचे, तोंडाने तिखट, दारातच उभे राहून त्यांनी पाच जणांस मोजले आणि म्हणाले, “एवढी माणसं कशाला? गाडी उचलून न्यायचीय का?” आक्कासाहेब प्रथमच हसल्या. मग गाडी पाहिली. ती ओबडधोबड, राखी रंगाची, आत गालिचा नाही, गाण्याची पेटी नाही, थंड हवेचे यंत्र नाही, दारांस आतून अस्तर नाही, ओढावयास दोरीची कडी, आसने पातळ, आणि पुढचे झाकण ओतारींनी स्वतः हलक्या धातूचे बनविलेले, ते त्यांनी एका हाताने उचलोन दाखविले. “जे काढता आलं ते काढलं,” ओतारी म्हणाले. “आता माझे गुडघे आत शिरत नाहीत, म्हणून विकतो. पण आधी सांगा, ब्रेक कुठं मारणार? वळणात की वळणाआधी?” आक्कासाहेब म्हणाल्या, “वळणाआधी, सरळ असताना. वळणात नुसतं सोडायचं आणि डोळे पुढच्या वळणावर.” ओतारींनी किल्ली दिली. आक्कासाहेब गावाबाहेरच्या रस्त्याने गेल्या आणि परतल्या, आणि उतरल्या तेव्हा त्रिंबकपंतांस एवढेच म्हणाल्या, “ही.” त्रिंबकपंत म्हणाले, “ही तर अर्धी आहे.” शिदोजी गाडीभोवती फिरले, आतील उघडा पत्रा पाहिला, कडीची दोरी पाहिली, पातळ आसन दाबून पाहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले. ते हळूच म्हणाले, “उपाशी ठेवलीय हो. फासळ्या दिसतात.”

येथेच खरी गोष्ट घडली, आणि ती ऐसी. पागेचा शिरस्ता होता की विकत आलेले जनावर रोडके असले तर त्यास स्वारीस काढावयाचे नाही, आधी पंधरवडाभर खुराक द्यावयाचा, नाहीतर लोक म्हणतात की राज्यास जनावर पोसवत नाही. गाडी पागेत आली आणि दुसऱ्याच दिवशी आक्कासाहेबांस यजमानांच्या मुलखात भाचीच्या लग्नास जाणे भाग पडले. जाताना त्या शिदोजींस म्हणाल्या, “नीट सांभाळा. नवमीला सकाळी घाट. मी त्याच सकाळी येऊन पोचते.” शिदोजी म्हणाले, “आक्कासाहेब, काळजीच करू नका. आलात की ओळखणार नाही तिला.” आक्कासाहेबांस वाटले, धुणार असतील.

फाल्गुन वद्य नवमी. सकाळी घाटाच्या पायथ्याशी चौकीपुढे महाराज उभे, त्रिंबकपंत उभे, ताशे वाजत, वरून उतरणारी आणि खालून चढणारी रहदारी एक प्रहर अडविलेली, आणि मध्ये गाडी. आक्कासाहेब लग्नघरून थेट आल्या आणि पाहत राहिल्या. गाडीच्या तळास लाल गालिचा, चार माणसांनी उचलायचा तो, कापून बसविलेला. आसनांवर मखमलीच्या गाद्या. दारांस सागवानी फळ्या. मागे गाण्याची पेटी आणि तिचे दोन मोठे कर्णे. पुढे दणकट लोखंडी कठडा, जनावर आडवे आले तर म्हणोन. जादा चाके दोन, एक फुटले तर आणि दुसरे फुटले तर. हत्यारांची लोखंडी पेटी. पाण्याची कळशी. आणि झाकणावर चांदीचा नंदी. गाडी बसकण मारून होती. शिदोजी नवे पागोटे घालून डाव्या आसनात आधीच स्थिर जाहले होते आणि त्यांचा चेहरा लेकीस सासरी पाठविणाऱ्यासारखा होता. आक्कासाहेब म्हणाल्या, “शिदोजी. हे काय केलंत?” शिदोजी म्हणाले, “खुराक.” महाराजांनी जमिनीकडे पाहिले. त्रिंबकपंत म्हणाले, “आता कुठं गाडीसारखी दिसते.” आक्कासाहेबांनी सांगितले की हे सर्व आत्ता काढा, तो कोणी हलेना, कारण पूजा जाहली होती आणि ताशे सुरू होते, आणि प्रहर तर चालू जाहला होता. मग आक्कासाहेब गाडीत बसल्या आणि निघाल्या.

पहिले वळण. गाडी म्हैस पाण्यातून निघावी तैसी निघाली, आणि वळ म्हटले तो बाहेरच चालली, आणि जेमतेम राहिली. आक्कासाहेबांनी गाडी कडेस घेतली, उतरल्या, मागची हत्यारांची पेटी उघडली आणि पाना काढिला. शिदोजी म्हणाले, “आक्कासाहेब, मुहूर्त.” त्या म्हणाल्या, “उतरा. हा कठडा धरा.” कठडा सुटला आणि रस्त्याच्या कडेस ठेविला. दोन्ही जादा चाके तेथेच ठेविली. दुसऱ्या वळणावर कर्णे आणि गाण्याची पेटी निघाली. शिदोजी म्हणाले, “ती पेटी महाराजांनी दिलीय.” “महाराजांना सांगा, इथं बसून ऐका.” मग सागवानी फळ्या. मग मखमल. तिसऱ्या वळणावर, जेथे तीस वर्षांमागे चाक दरीवर लोंबले होते, तेथे गालिचा उपटू लागल्या, तो एका टोकास चिकटलेला, निघेना. आक्कासाहेब एका बाजूने ओढीत आणि शिदोजी दुसऱ्या बाजूने धरोन बसलेले. त्या म्हणाल्या, “शिदोजी, हा घाट परत मिळणार नाही. पाडव्याला भिंत आहे. आबासाहेब म्हणाले होते, हलकी मिळाली की ये. मला हलकी मिळाली होती.” हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत, थकोन म्हणाल्या. शिदोजींनी गालिच्यावरची मूठ बदलली. मग त्यांनी आपल्या बाजूने गालिचा ओढला, आणि ताकदीने ओढला, आणि तो आख्खा निघाला. मग त्यांनी स्वतःच कळशी उपडी केली. मग पाना मागितला आणि झाकणावरचा नंदी आपल्या हाताने सोडविला आणि उपरण्यात गुंडाळला. “हा मी सांभाळतो,” म्हणाले. शेवटी हत्यारांची पेटीही पाना आत टाकून तेथेच राहिली.

मग पुढचा घाट चढू लागले. गाडी बरी पळू लागली, परंतु उजव्या वळणांस अजून डावीकडे झुकत होती, आणि का झुकते ते दोघांसही ठाऊक होते आणि दोघेही ते बोलत नव्हते. निम्मा घाट जाहला. सूर्य वर आला, खाली चौकीवर अडलेल्या गाड्यांचे कर्णे वाजू लागले, प्रहर संपत आला. तेव्हा मध्यावरच्या टप्प्यापाशी, जेथे जरा सपाटी आहे, तेथे शिदोजी म्हणाले, “थांबवा जरा.” आक्कासाहेबांनी थांबविली, वाटले, मळमळले असेल. शिदोजी उतरले. पागोटे काढून हातात घेतले. त्यांच्या पणज्यापासून कोणी त्या आसनावरून अर्ध्या वाटेत उतरला नव्हता. आक्कासाहेब म्हणाल्या, “शिदोजी, तुमचा मान आहे.” शिदोजी म्हणाले, “मान मी घेऊन चालतो. तिला कशाला ओढायला लावता?” आणि दार लावले, दोरीच्या कडीने, जपून.

मग आक्कासाहेब एकट्या निघाल्या. आणि गाडी, राखी, ओबडधोबड, ओतारींनी उपाशी ठेविलेली, ती जागी जाहली. सरळीवर यंत्र ओरडले, मग ब्रेक, उशिरा, त्याहून उशिरा, आणि गाडीने नाक खाली घालोन वळणाकडे पाहिले, मग हात हलका सोडिला आणि गाडी आत शिरली, जणू कोणी आतून दोरी ओढत होते, आणि मागची चाके किंचित सरकली आणि पुन्हा बसली, आणि डोळे पुढच्या वळणावर. एक वळण, दुसरे, आवळ्याच्या झाडाजवळचे, मग ओल्या दगडाचे, मग उलटे फिरणारे. दरी डावीकडे आली, उजवीकडे गेली. हाताखालचा रस्ता एकेक खडा सांगत होता. कोणी काही म्हणत नव्हते. मसलत नव्हती, भोवरा नव्हता, लोक काय म्हणतील नव्हते. आणि घाटदेवीच्या देवळापुढे गाडी उभी राहिली तो आक्कासाहेबांस कळले की आपण मघापासून दात आवळले होते.

त्या उतरोन पायरीवर बसल्या. पुष्कळ वेळाने शिदोजी वळणावरून दिसले, घामाने भिजलेले, पागोटे हातात, उपरण्यात नंदी. जवळ येऊन ते आधी गाडीपाशी गेले आणि तिच्या झाकणावर हात ठेविला, ते तापले होते म्हणोन काढून घेतला. आक्कासाहेब म्हणाल्या, “कशी दिसली?” शिदोजी म्हणाले, “दिसली कुठं. ऐकू आली. वळणावळणाला वाटायचं, आता आवाज थांबणार, आता थांबणार. थांबलाच नाही.” मग पायरीवर टेकले, सांभाळून, आणि जरा वेळाने म्हणाले, “रोड आहे, पण निरोगी आहे.” आक्कासाहेब म्हणाल्या, “दम खा. पाणी मात्र नाही. कळशी तुम्हीच ओतलीत.” शिदोजी म्हणाले, “तेच आठवत आलो.”

पाडव्यास पराभवनाम संवत्सर लागले, बोगदा खुला जाहला, घाटास भिंत पडली. त्रिंबकपंतांनी दप्तरी लिहविले की आक्कासाहेबांनी संपूर्ण कावळघाट एका दमात सर केला. आक्कासाहेबांनी ते वाचोन “संपूर्ण” खोडिले आणि “अर्धा, वरचा” ऐसे घातले, आणि पंत नाराज जाहले. शिदोजींनी गाडीच्या डाव्या दिव्याखाली एक ओरखडा शोधून काढिला आणि तो देवमणी ठरविला. गाडी पागेत आहे. तिच्या खुराकाबद्दल हुकूम एकच आहे, की देऊ नये. येणेप्रमाणे हकीकत.

नवमीच्या आदल्या दिवशी कोणताही उपास नव्हता, तरी शिदोजी पागनीस दोन्ही वेळा जेवले नव्हते.